सारवण आणि सारवासारव

जुन्या लांकडाला रंग द्यावा कीं न द्यावा, हा प्रश्न सुताराचा व रंगाऱ्याचा. त्यांत नीतिशास्त्राचा संबंध काय, असें कित्येक वाचक विचारतील. परंतु ज्या वस्तूला पूर्वायुष्य आहे व जिला आतां नव्या कामास लावावयाचें आहे, तिचें तें पूर्वायुष्य झांकावें कीं दाखवावें, असा प्रश्न एकदां उभा राहिला म्हणजे तो लांकडापाशीं थांबत नाहीं. जुनें लांकूड आणि अनुभवांतून गेलेला मनुष्य यांच्या बाबतींत आम्ही जे निर्णय घेतों, ते मुळांत एकाच जातीचे असतात. फरक एवढाच कीं, लांकडाच्या बाबतींत चूक झाल्यास ती दोन पावसाळ्यांत उघड होते, आणि मनुष्याच्या बाबतींत ती उघड होण्यास कधीं कधीं सबंध आयुष्य लागतें. अवघड प्रश्नाचा विचार सोप्या उदाहरणावर करावा, या न्यायानें आम्ही येथें लांकूडच हातीं घेतों.

पुण्यासारख्या शहरांत हें जुनें लांकूड कोठून येतें, हें सर्वांना ठाऊक आहे. 1961 च्या जुलै महिन्याच्या 12 तारखेस पानशेतचें धरण फुटून जो पूर आला, त्यांत नदीकांठच्या पेठांतील कित्येक वाडे बसले. आणि जे वांचले, त्यांतले पुष्कळ पुढील साठ वर्षांत नव्या इमारतींसाठीं पाडले गेले. वाडा पडला कीं विटा आणि माती गाड्यांत भरून जाते; पण सागवानी तुळया, खांब आणि दारांच्या चौकटी कोणी टाकून देत नाहीं. त्या जुन्या लांकडाच्या वखारींत जातात, आणि तेथून बांक, झोपाळा, कुंपणाचें फाटक, अंगणांतलें मेज अशा रूपानें पुनः जन्म घेतात. या पुनर्जन्मांत एक कठोरपणा आहे. जें लांकूड शंभर वर्षें छपराखालीं राहिलें, त्याला उतारवयांत ऊनपावसांत उभें केलें जातें. घरांत असतांना ज्याला कोणी रंगाचा हात लावला नाहीं आणि लावण्याची गरजही पडली नाहीं, त्याच्या रक्षणाची चिंता आतां करावी लागते.

आमच्या वस्तींतील एका लहानशा बागेसाठीं अशाच एका तुळईचे बांक करावयाचे ठरलें, तेव्हां मंडळींत तत्काळ दोन पक्ष पडले. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, या लांकडाला रंग देणें म्हणजे त्याचा अपमान करणें होय. खिळ्यांचीं भोकें, पटाशीच्या खुणा, धुरानें आलेला काळेपणा हाच त्याचा इतिहास. तो रंगाखालीं गाडणें ही लबाडी आहे. फार तर आरपार दिसेल असें व्हार्निश द्यावें. दुसऱ्या पक्षाला इतिहासाची पर्वा नव्हती. भोकांत लांबी भरावी, वर हिरव्या तैलरंगाचे दोन हात द्यावे, आणि बांक जुन्या लांकडाचा आहे हें कोणाला कळूंही नये, असें त्यांचें मत. पहिला पक्ष सत्याच्या बाजूचा व दुसरा सोयीच्या बाजूचा, असें वरवर वाटतें. आणि सत्य व सोय यांत निवड करावयाची तर सुशिक्षित मनुष्य निदान बोलतांना तरी सत्याची बाजू घेतो. आमच्या मतें मात्र दोन्ही पक्षांनीं प्रश्न एकाच चुकीच्या जागीं मांडला होता. रंग असावा कीं नसावा, एवढ्यावरच दोघांची नजर होती. रंगाखालीं काय असावें, हें कोणीच विचारलें नाहीं.

आपल्या मराठी मनाला बाहेरच्या रंगाचा संशय फार जुना आहे. संतांनीं वरच्या रूपाला न भुलण्याची शिकवण दिली. 'वरून कीर्तन, आंतून तमाशा' अशी म्हण लोकांनीं केली. मुलामा, रंगरंगोटी हे शब्द आम्ही बहुधा निंदेच्या अर्थानेंच वापरतों. पण भाषा ही ती बोलणाऱ्यांपेक्षां पुष्कळदां अधिक शहाणी असते. सारवण आणि सारवासारव हे दोन शब्द पाहा. धातु एकच, क्रियाही एकच: पृष्ठावर एक पातळ थर पसरणें. परंतु अंगण सारवणाऱ्या गृहिणीला कोणी खोटारडी म्हणत नाहीं, आणि सारवासारव करणाऱ्याला कोणी प्रामाणिक म्हणत नाहीं. पांघरूण घालणें या शब्दप्रयोगाचेंही तसेंच. निजलेल्या लेंकरावर आई पांघरूण घालते, आणि अपहार करणाऱ्या कारकुनाच्या कृत्यावर त्याचा वरिष्ठही पांघरूणच घालतो. दोन्ही ठिकाणीं झांकणें आहे. एका ठिकाणीं ती माया आहे, दुसऱ्या ठिकाणीं तो गुन्हा आहे. तेव्हां झांकणें या क्रियेंतच दोष आहे, असें म्हणतां येत नाहीं. दोष अन्यत्र कोठें तरी आहे.

इंग्रजी वाङ्मयांत या प्रश्नाचा कठोर विचार जॉन रस्किन यानें केला. 1849 सालीं प्रसिद्ध झालेल्या 'सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर' या ग्रंथांत सत्यदीपावर एक प्रकरण आहे. त्यांत इमारतींतल्या असत्याचे प्रकार त्यानें मोजून दाखविले आहेत. लांकडावर संगमरवराच्या रेषा रंगविणें हें त्याच्या दृष्टीनें असत्य. विटांवर गिलावा करून त्यावर दगडी सांध्यांच्या खुणा काढणें हेंही असत्य. परंतु विटांवर साधा गिलावा करणें, किंवा त्या गिलाव्यावर चित्र काढणें, यांत त्याला दोष दिसत नाहीं. म्हणजे रस्किनसारख्या सोंवळ्या माणसानेंही हरकत घेतली ती झांकण्यास नव्हे, सोंग घेण्यास. हिरवा रंग आपण हिरवा रंग आहों असेंच सांगतो. त्यानें कोणाची फसवणूक होत नाहीं. आंब्याच्या फळीवर सागाच्या रेषा काढून ती सागाच्या भावानें विकणें, ही मात्र उघड फसवणूक. रस्किनचा हा भेद आम्हांस मान्य आहे. पण तो पुरेसा वाटत नाहीं. कारण कसलेंही सोंग न घेणारा साधा रंगसुद्धां घातक ठरूं शकतो, असा लांकडाचा अनुभव आहे.

तो अनुभव पाहण्यापूर्वीं व्हार्निशवाल्यांचा दावा तपासूं. सूर्यप्रकाशांतील अतिनील किरण लांकडाच्या तंतूंना एकत्र धरून ठेवणाऱ्या लिग्निन नांवाच्या द्रव्याचें विघटन करतात. पाऊस तें सुटलेलें द्रव्य धुवून नेतो, आणि उरलेलें पृष्ठ करडें व खरखरीत होतें. रंगांतील अपारदर्शक कण हे किरण अडवितात. पारदर्शक लेप ते बऱ्याच प्रमाणांत आंत जाऊं देतो. म्हणून लेपाच्या खालचेंच लांकूड झिजतें, लेपाची पकड सुटते, आणि तो पापुद्र्यांनीं निघूं लागतो. उघड्यावरच्या कामांत साधें व्हार्निश रंगाच्या आधीं जातें, याचें कारण हें. जो लेप कांहींच लपवीत नाहीं, तोच कमी राखतो, हा निसर्गाचा मोठा मार्मिक विनोद आहे. बैठकीच्या सावलींत पारदर्शकता शोभून दिसते. उन्हांत उभें राहावयाचें तर कांहीं तरी अपारदर्शक अंगावर घ्यावें लागतें. चव्हाट्यावर काम करणाऱ्या मनुष्यानें आपलें सर्व अंतःकरण सर्वांना दाखवावें, असा आग्रह धरणारे लोक आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. त्या आग्रहांत सत्यप्रीतीपेक्षां कुतूहलच अधिक असतें.

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. लांकूड मेलेलें असलें तरी पाण्याशीं त्याचा व्यवहार संपलेला नसतो. दमट हवेंत तें ओल घेऊन फुगतें, कोरड्या हवेंत ओल सोडून आकसतें. आणि हें फुगणें-आकसणें रेषांच्या आडव्या दिशेनें पुष्कळ व उभ्या दिशेनें नगण्य असतें. फळीच्या कापलेल्या टोंकांतून तर पाणी बाजूंपेक्षां कितीतरी वेगानें आंत शिरतें. लांकडांतील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या शेंकडा 20 च्या खालीं राहिला, तर कुजविणाऱ्या बुरशीची वाढ होत नाहीं. तो त्याच्या बराच वर दीर्घकाळ राहिला, कीं कूज ठरलेली. आतां ओल्या फळीवर कोणी तैलरंगाचा जाड थर दिला, तर काय होईल? ऊन तापलें कीं आंतली ओल बाहेर पडूं पाहते, तिला वाट मिळत नाहीं, आणि रंगाला फोड येतात. फोड फुटून चिरा पडल्या कीं पावसाचें पाणी आंत जातें, पण उरलेल्या रंगामुळें त्याला लौकर वाळतां येत नाहीं. अशी फळी पुष्कळदां उघड्या फळीच्याही आधीं कुजते, आणि कुजत असतांना वरून मात्र हिरवीगार दिसते. रंगानें येथें सोंग घेतलें नव्हतें. तरी तो घातक ठरला, कारण तो अकालीं दिला गेला.

म्हणून जाणता कारागीर रंगाचा डबा शेवटीं उघडतो. आधीं तो फळी हातोडीनें ठोकून ऐकतो: निरोगी लांकूड खणखणीत बोलतें, कुजलेलें बद्द. संशयाच्या जागीं तो आरी टोंचून पाहतो. बारीक भोकांतून ताजा, पिठासारखा भुसा गळत असेल, तर आंत किडा जिवंत आहे हें तो ओळखतो. लोहचुंबक फिरवून मोडके खिळे शोधतो. कारण विसरलेला खिळा रंध्याचें पातें तर मोडतोच, पण पुढें गंजून रंगांतूनही डाग वर आणतो. कुजलेला भाग तो कापून काढतो. फळ्या धुवून, त्यांच्या मध्यें पट्ट्या ठेवून, सावलींत त्या पुरत्या वाळूं देतो. मग काचकागदानें रेषांच्या दिशेनें घासतो. सागाच्या अंगांतलें तेल रंगाला नीट धरूं देत नाहीं, म्हणून स्पिरिटच्या फडक्यानें पृष्ठ पुसतो. गाठींवर लाखेचा हात देतो. आणि घासलेलें लांकूड उन्हांत फार दिवस उघडें न ठेवतां लगेच अस्तर देतो, कापलेल्या टोंकांना विशेष जपून. मग लांबी, मग पातळ रंगाचे दोन हात. या सगळ्या खटाटोपांत रंगाचा वेळ थोडा. पाहण्याचा, खरवडण्याचा आणि वाट पाहण्याचा वेळ फार. आमच्या बागेच्या बांकांच्या वेळीं सुतारानें त्या तुळईचा हातभर तुकडा कापून बाजूला टाकला. इतिहासवाल्यांना तुकड्याचें दुःख झालें, सोयवाल्यांना खर्चाचें. पण तो तुकडा बोटानें दाबला असतां मऊ लागत होता, आणि वाद तेथेंच मिटला. अंगण सारवणारी गृहिणी आधीं केर काढते आणि खळगे बुजविते, हें आम्ही विसरतों. सारवण आणि सारवासारव यांतला पहिला भेद हा आहे.

येथें एक सूक्ष्म प्रश्न उरतो. खिळ्याच्या भोकांत लांबी भरणें आणि कुजलेल्या पोकळींत लांबी भरणें, या दोन्ही क्रिया डोळ्यांना सारख्याच दिसतात. रंग दिल्यावर तर त्यांतला फरक ओळखणेंच कठीण. पण पहिली भरणी केवळ पाणी अडविते. फळीच्या बळाविषयीं ती कोणाला खोटी ग्वाही देत नाहीं. दुसरी भरणी बळ नसतां बळ आहे असें सांगते, आणि त्या सांगण्यावर विसंबून उद्यां कोणी म्हातारा त्या बांकावर बसणार असतो. कसोटी येथें सांपडते. दुसरा मनुष्य ज्या गोष्टीवर आपला भार टाकणार, ती त्याच्यापासून लपविण्याचा अधिकार कोणालाही नाहीं. जिच्यावर त्याचा भार पडत नाहीं, ती त्याला सांगण्याचें बंधनही कोणावर नाहीं.

ही कसोटी घरोघरच्या व्यवहारास लावून पाहावी. विवाह ठरवितांना मुलाची किंवा मुलीची हकीकत किती सांगावी, हा प्रश्न आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं केव्हां ना केव्हां उभा राहिला असेल. परीक्षेंतलें अपयश, पूर्वीं बोलणें होऊन फिसकटलेलें स्थळ, वडिलांच्या धंद्यांत एके काळीं आलेली खोट, हीं खिळ्यांचीं भोकें आहेत. तीं बुजवून शांतपणें पुढें जावें, यांत पाप नाहीं. परंतु चालू असलेला गंभीर आजार, व्यसन, डोक्यावरचें कर्ज, या भाराच्या जागा आहेत. दुसरा जीव आपलें सारें आयुष्य त्यांवर टेकणार असतो. त्या झांकून जुळविलेल्या लग्नाला मांडवांत कितीही रंग चढला, तरी ती सारवासारवच होय. उलट बाजूही तितकीच खरी आहे. शिक्षा भोगून सुटलेला मनुष्य काम मागावयास आला असतां, ती शिक्षा त्याच्या कपाळावर कायमची लिहिलेली असावी असें मानणारे सभ्य लोक आहेत. त्यांना आम्ही एवढेंच विचारतों: तुम्ही देऊं करीत असलेल्या कामाचा भार त्याच्या त्या अपराधाच्या जागेवर पडतो काय? अफरातफर केलेल्याच्या हातीं तिजोरी देतांना जरूर चौकशी करावी. पण त्याच्याकडे बागेची निगा सोंपवावयाची असतां जखमेवरची खपली काढून पाहणें हें सत्यशोधन नव्हे; तें क्रौर्य आहे.

खरवडण्यालाही स्वतःची एक नीति आहे. जुन्या दारांवर व चौकटींवर कधीं कधीं पूर्वींच्या रंगाचे थर असतात, आणि त्यांत शिसें असण्याचा संभव असतो. शिशाचें विष लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधक आहे, ही गोष्ट आतां निर्विवाद आहे. 1921 सालीं जिनीव्हा येथें आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें इमारतींच्या आंतल्या रंगकामांत पांढऱ्या शिशाच्या वापरास आळा घालणारा करार संमत केला. अमेरिकेनें घरगुती रंगांतील शिशावर 1978 मध्यें बंदी घातली. आणि आपल्या देशांत घरगुती व शोभेच्या रंगांत दर दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक शिसें असूं नये, असा नियम 2016 मध्यें झाला. म्हणजे आजोबांच्या काळच्या दारावरचा रंग या शेवटच्या नियमाच्या कितीतरी आधींचा. तो कोरडाच घासला तर विषारी धूळ उडते. ती घासणाऱ्या मजुराच्या फुफ्फुसांत जाते, आणि अंगणांत खेळणाऱ्या मुलांच्या हातांवर बसते. म्हणून असा रंग ओला करून, मुलांना दूर ठेवून, नाकातोंडावर योग्य आवरण बांधून उतरवावा, आणि निघालेली खरवड गोळा करून वेगळी ठेवावी. जेथें थर घट्ट बसलेला आहे, तेथें तो न उकरतां त्यावर नवा हात देणें हेंच कधीं कधीं शहाणपणाचें. जुनें उकरून काढणें हें सत्याचें काम आहे, एवढ्यावरून तें कसेंही करण्याची मुभा मिळत नाहीं. उकरतांना उडालेली धूळ कोणाच्या नाकांत जाते, हें पाहणें हाही सत्याचाच भाग आहे. घराण्यांतले जुने कलह मुलांच्या देखत उकरणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं यावर थोडा विचार करावा.

याच्या उलट टोंकाचा एक दुर्गुण हल्लीं फोफावला आहे; तो म्हणजे जुनेपण मिरविण्याचा. नव्या कोऱ्या फळ्यांना साखळीनें मारून, ठिकठिकाणीं रंग खरवडून, त्या जुन्या असल्याचा आव आणला जातो, आणि अशा सामानाला शौकीन लोक अधिक दाम मोजतात. ज्या लांकडानें एकही पावसाळा पाहिला नाहीं, त्याच्या अंगावर शंभर पावसाळ्यांच्या खुणा उमटविणें हें रस्किनच्या हिशेबीं चोख असत्यच होय. रंग न देण्यांतही सोंग असूं शकतें, हें यावरून दिसून येईल. जखम लपविणारा खोटा असतो आणि जखम दाखविणारा खरा असतो, असा सोपा नियम करतां येत नाहीं. न झालेली जखम दाखविणारे जगांत पुष्कळ आहेत.

शेवटचा आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा मुद्दा परत येण्याचा. नॉर्वे देशांत ऊर्नेस येथें फियोर्डच्या कांठीं बाराव्या शतकांत बांधलेलें एक लांकडी चर्च अजून उभें आहे. त्याच्या उत्तरेकडील भिंतींत एक अप्रतिम कोरीव दार व कांहीं फळ्या आहेत. त्या त्याहून जुन्या, अकराव्या शतकांतल्या चर्चमधून काढून येथें बसविलेल्या आहेत. जुनें लांकूड पुनः कामास लावण्याचा याहून आदरणीय दाखला क्वचितच सांपडेल; 1979 मध्यें युनेस्कोनें त्या वास्तूची जागतिक वारशांत गणना केली. अशा चर्चांना तेथील लोक पाइन वृक्षापासून काढलेल्या डांबराचा लेप शतकानुशतकें देत आले आहेत. आमच्या मतें त्यांचें रहस्य डांबरांत जितकें आहे, त्याहून अधिक तें पुनः पुनः देण्यांत आहे. इतकें दूर जाण्याचेंही कारण नाहीं. आपल्या कोंकणकिनाऱ्यावर पावसाळ्यांत होड्या ओढून वर घेतात, खरवडतात, सांधे बुजवितात, तेल किंवा रंग देतात, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुनः समुद्रांत लोटतात. एकदां देऊन कायमचें मोकळें होतां येईल, असा रंग कोळ्याला ठाऊक नाहीं.

सारवणही तसेंच. सारवलेलें अंगण थोड्याच दिवसांत उखणतें, आणि तीच गृहिणी पुनः तेथें बसून तें सारवते. आपल्या हातचा थर कोठें सुटला, हें तिच्याइतकें कोणी जवळून पाहत नाहीं. सारवासारव करणारा मात्र एकदांच हात फिरवून निघून जातो, आणि त्या जागेवर पुनः नजर टाकण्याची त्याला भीति वाटते. एखाद्या चुकलेल्या मुलाला घरांत परत घेणाऱ्या कुटुंबांतही हे दोन प्रकार आम्हांस दिसतात. कांहीं जण झालें गेलें विसरा म्हणून सांगतात आणि पुढें त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहींत. कांहीं जण झाल्या गोष्टीचा उच्चार बाहेर कोठेंही करीत नाहींत, पण दर चार दिवसांनीं त्याच्यापाशीं बसून त्याचें कसें चाललें आहे, हें हळूच विचारतात. दोघांनींही पांघरूणच घातलें. पण पहिल्याच्या पांघरुणाखालीं ओल तशीच राहते.

झांकावें कीं दाखवावें, या प्रश्नाला म्हणून आमच्यापाशीं सरसकट उत्तर नाहीं, आणि असें उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवूं नये असें आम्हांस वाटतें. वस्तु असो, मनुष्य असो, कीं स्वतःचें मन असो, त्यावर आवरण घालण्यापूर्वीं आंत काय आहे हें आपण हात लावून पाहिलें काय. ज्यांचा भार त्यावर पडणार, त्यांना कच्ची जागा सांगितली काय. आणि पुढल्या वर्षीं परत येऊन पाहण्याची आपली तयारी आहे काय, एवढें ज्यानें त्यानें आपल्याशींच विचारावें. मनुष्यें या प्रश्नांचीं खोटीं उत्तरें वर्षानुवर्षें खपवून घेतात. लांकूड फार तर दोन पावसाळे थांबतें.